मोटर बसवलेल्या सायकलीला हबमधले गियर टिकतात का? (माझे अकराशे किलोमीटरांत गेले)

भूगावकर
नमस्कार मंडळी. सायकलींवर इथे बरेच धागे आहेत, पण हा प्रश्न कुठे दिसला नाही म्हणून नवा काढतोय.

माझ्या सायकलीला मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यातच, तीन गियर आहेत. चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर नाही, लोंबकळणारी चेन नाही, पावसाळ्यात चिखल खायला बाहेर काही नाही. त्यासाठीच घेतली होती. घर भूगावला, ऑफिस कोथरूडला. संध्याकाळी परतताना चांदणी चौकाच्या चढावर जीव जायचा, म्हणून दिवाळीत मोटरचं किट बसवलं. पायडलच्या आसाच्या जागी बसतं ते. म्हणजे मोटरही तीच चेन ओढते आणि तिचा सगळा जोर हबच्या गियरांतून चाकाला जातो.

पहिले दोन महिने नुसती मजा. मग एक दिवस चढावर पहिल्या गियरमध्ये 'कट्' असा आवाज आला आणि पायडल क्षणभर मोकळं फिरलं. नंतर दर पाचपन्नास मीटरला कट्. मागच्या आठवड्यात पहिला गियर पूर्ण गेला. दुसरा-तिसरा लागतो. मोटर बसवल्यापासून मीटरवर १,१४० किमी झालेत.

सायकलवाला म्हणाला, "कुत्रे फेल गेले साहेब. असलं नाजूक काम मोटरला चालत नाही. साधं फ्रीव्हील टाका."

तर हब गियर मोटरला टिकतच नाहीत, की माझं काही चुकलं? हबच्या आणि किटच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक कोणाची हेच अजून कळलेलं नाही.

साधीचेन
डिरेलर लावा. विषय संपला.

नुसतीवाचक
हे कुत्रे काय प्रकरण आहे? सायकलीत कुत्रे कुठून आले?

तेलपाणी
@नुसतीवाचक, फ्रीव्हीलमध्ये स्प्रिंगवर उभे असलेले छोटे पोलादी खटके असतात. पायडल मारलं की दात्यांत अडकून चाक ओढतात, थांबलं की दात्यांवरून टकटक करत सरकतात. एका दिशेला धरतात, दुसऱ्या दिशेला सोडतात. दुकानात त्यांना कुत्रे म्हणतात. एकदा धरलं की सोडत नाहीत म्हणून असावं.

भूगावकरांचे सोडायला लागलेत, एवढंच.

टॉर्कमास्तर
निदान करण्याआधी जरा माहिती द्या:
पुढच्या चेनव्हीलला दाते किती, मागे किती? बॅटरी किती व्होल्टची आणि कंट्रोलर किती अँपियरचा? थ्रॉटल (पायडल न मारता हातानेच मोटर चालवायचा) आहे का? गियर बदलताना मोटर बंद होते का? आणि मुख्य म्हणजे हबमध्ये शेवटचं तेल कधी गेलं?

भूगावकर
पुढे ३६, मागे २२. आधी पुढे ४६ आणि मागे १८ होते. चढ सोपा व्हावा म्हणून किट बसवताना दोन्ही बदलून घेतले. बॅटरी ४८ व्होल्ट, कंट्रोलर २५ अँपियर, किटवर ७५० वॅट आणि १२० न्यूटन-मीटर असं लिहिलंय. थ्रॉटल आहे. सिग्नलला तोच वापरतो. गियर बदलताना मोटर बंद वगैरे काही होत नाही, व्हायला हवी का?

तेलाचं म्हणाल तर किट बसवताना दुकानात पूर्ण 'ओव्हरऑइलिंग' करून घेतलं होतं. हब उघडून साफ करून ग्रीस भरून दिलं. चांगलं घट्ट, ट्रकच्या चाकाला वापरतात ते.

तेलपाणी
ट्रकच्या चाकाचं ग्रीस!! इथेच थांबा. मास्तर, तुम्ही आधी तुमचं गणित करा, मी मग येतो.

साधीचेन
७५० वॅट? आपल्याकडे २५० वॅटच्या आतली आणि २५ किमीच्या वर न नेणारी असेल तरच ती सायकल. त्याच्या वर गेलात की नंबर प्लेट, लायसन, विमा सगळं आलं. हब राहू दे, आधी मामा पकडतील.

भूगावकर
मान्य. किटवाल्याने हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

टॉर्कमास्तर
बरं, गणित. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

मोटर किती वॅटची याच्याशी हबला फारसं घेणंदेणं नसतं. हबच्या मागच्या दातेरी चक्रीवर पिळणारा जोर (तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात) किती येतो, तेवढंच त्याला कळतं. चेन जेवढ्या ताणाने ओढते त्याला त्या चक्रीच्या त्रिज्येने गुणायचं. म्हणजे पुढचं चेनव्हील लहान केलं की ताण वाढला, मागची चक्री मोठी केली की त्रिज्या वाढली. भूगावकरांनी दोन्ही केलं.

तुमच्या मोटरचे १२० आणि तुमच्या पायांचे सरासरी २० धरले तर क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) १४० न्यूटन-मीटर. ३६ भागिले २२ म्हणजे १.६४. १४० ला १.६४ ने भागा, हबच्या दारात साधारण ८५ न्यूटन-मीटर येतात. आता मोटर नसताना काय होतं ते बघा. ७५ किलोचा माणूस १७० मिमीच्या क्रँकवर पूर्ण उभा राहिला तर क्रँकवर १२५ न्यूटन-मीटर. तुमच्या मूळच्या ४६/१८ ने (२.५६) भागले की हबला ४९. तेही पायडलच्या एका फेरीत दोनदा, क्षणभरासाठी. सायकलीचा हब बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा माणूस असतो. तुम्ही त्याला ८५ दिलेत, आणि चढ संपेपर्यंत सलग दिलेत.

पुढचं अजून वाईट आहे. तीन गियरच्या नेहमीच्या हबमध्ये एकच ग्रहमाला असते: मधे एक्सलवर घट्ट बसलेलं सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं, बाहेर आतून दाते असलेलं कडं. स्टर्मी-आर्चरच्या प्रसिद्ध एडब्ल्यू हबमध्ये सूर्य २० दात्यांचा, ग्रह २० चे, कडं ६० चं. पहिल्या गियरला जोर कड्यातून आत येतो आणि ग्रहांच्या पिंजऱ्यातून बाहेर पडतो. ६० भागिले ८०, म्हणून वेग पाऊणपट होतो आणि जोर १.३३ पट. तुमचा हब याच धाटणीचा असेल तर पहिल्या गियरच्या कुत्र्यांवर ११४ न्यूटन-मीटर येतात. आणि त्या गियरचे कुत्रे किती? दोन.

दुसऱ्या गियरला चक्री आणि चाक सरळ एकास एक जोडले जातात, ग्रहचक्रांवर भारच नसतो. तुमचा दुसरा अजून चालतोय हे म्हणून नवल नाही.

आता तुम्हाला एवढा जोर हवा होता का? तुम्ही, सायकल, बॅटरी, डबा धरून १०५ किलो. पहिल्या गियरला तुमची सायकल तीस टक्क्यांच्या आसपासचा उभा चढ चढू शकली असती. चांदणी चौक एवढा उभा मुळीच नाही, त्यामुळे बराचसा जोर नुसता हबला मारण्यात गेला.

अण्णा_साताराकर
मास्तरांचं गणित वाचलं, आवडलं. मी एक जुनी गोष्ट सांगतो.

माझ्याकडे वडिलांची सेन-रॅले आहे, आसनसोलची. मागचा हब मात्र नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू. त्या हबांवर साल-महिना ठोकलेला असतो, तसा माझ्याच्यावर ५८ आणि ८ आहे. म्हणजे ऑगस्ट १९५८. हब माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे आणि गुडघे त्याचे माझ्यापेक्षा बरे आहेत. वडील त्यावर मला डबल सीट घेऊन माहुलीला जायचे. आजवर एकदा वायर बदलली, दोनदा छर्रे. बाकी हबच्या पाठीवरच्या छोट्या झाकणातून महिन्याला चार थेंब इंजिन ऑइल, ३० नंबर.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलाने मोटर लावायचं काढलं. मी एकच अट घातली, मागच्या चाकाला हात लावायचा नाही. म्हणून पुढच्या चाकात २५० वॅटची हब मोटर बसवली. तीन वर्षं झाली. मोटर पुढून ओढते, मी मागून जमेल तसं मारतो. हबला पत्ताच नाही की सायकलीला मोटर आहे.

एक अडचण आली ती सांगतो. जुन्या फोर्कची खाच मोटरच्या एक्सलला अरुंद पडते. कानस घेऊन थोडी थोडी मोठी करावी लागली. मोटरचा एक्सल उलट्या बाजूला पिळतो आणि खाच उघडतो, म्हणून एक्सलला अडवून धरणारी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, लावल्याशिवाय चालवू नका. फोर्क पोलादी असेल तरच हा उद्योग करावा. ॲल्युमिनियमचा असेल तर नकोच.

नुसतीवाचक
अण्णा, "गुडघे त्याचे माझ्यापेक्षा बरे" :))) फोटो टाका ना हबचा.

अण्णा_साताराकर
नात आली की टाकतो. मला फोटो लहान करता येत नाही.

टॉर्कमास्तर
अण्णांचा उपाय जुनाच आहे, पण अगदी शहाणा. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात सायकलीला लावायच्या छोट्या इंजिनांची लाट आली होती. फ्रान्सची व्हेलोसोलेक्स १९४६ ची. तिचं इंजिन एका रोलरने सरळ पुढच्या टायरलाच फिरवायचं. इंग्लंडमध्ये मागच्या टायरवर रोलर टेकवणारीही होती. टायर फिरला म्हणजे हबचे गियर वाचले. पावसात रोलर घसरायचा आणि टायर झिजायचा, हा भाग वेगळा.

ओहायोवाला
इथे गॅरेजात पेट्रोलवालं करून बघितलंय, म्हणून लिहितो. चिनी टू-स्ट्रोक किट मिळतं, विकतात ८० सीसी म्हणून, असतं ६६ च्या आसपास. नेहमीच्या पद्धतीत डाव्या बाजूला मोठी चक्री स्पोकांना रबराच्या चकत्यांमध्ये धरून आवळतात आणि इंजिनची दुसरी चेन त्यावर जाते. हबचे गियर सुखरूप, पण स्पोक तुटतात आणि चक्री कधीच मध्यावर बसत नाही. वैतागून मी जॅकशाफ्ट (मधला जोडदांडा) लावून इंजिनचा जोर क्रँकवर आणला, म्हणजे भूगावकरांसारखाच चेनमधून तीन गियरच्या हबला.

दोन उन्हाळे टिकला. त्यातला दुसरा मी दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरवरच काढला.

इलेक्ट्रिक मोटर आणि टू-स्ट्रोक यात एक फरक आहे. मोटर सलग ओढते. एका सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेरीला एक ठोका मारतं, आणि तो ठोका चेनमधून कुत्र्यांपर्यंत जातो. हातोडीने खिळा ठोकणं आणि अंगठ्याने दाबणं यात जो फरक तोच. माझ्या हबचे कुत्रे उघडले तेव्हा त्यांच्या टोकांना फुलासारखी कड आली होती.

सायकलीवर हेल्मेट घातलेला कोणी धूर काढत गेला की इथले शेजारी अजूनही मलाच फोन करतात.

आइंडहोवनकर
मी नेदरलँड्समधून. इथे हब गियरवाल्या ई-सायकली रस्त्यावर पावलोपावली दिसतात, त्यामुळे 'टिकतच नाहीत' हे काही पटलं नाही. माझ्या सायकलीला शिमानोचा आठ गियरचा नेक्सस ८ हब आहे, पायडलच्या आसाजवळच्या (मधल्या) २५० वॅटच्या मोटरवर. ११,००० किमी झाले, रोजचं ऑफिस, मुलीची शाळा, बाजार. काहीही बिघडलेलं नाही.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इथे कायद्याने मोटर सलग २५० वॅटची आणि २५ किमीला मदत बंद. आणि मोटर पायडलवरचा जोर मोजते. गियर बदलताना मी पाय हलका केला की मोटरही हलकी होते. थ्रॉटल नाही.

देखभाल म्हणाल तर शिमानोच सांगतं की पहिल्या १,००० किमीनंतर आणि मग साधारण दोन वर्षांनी, जास्त वापर असेल तर ५,००० किमीला, आतलं वंगण करून घ्या. इथला दुकानदार हबची आख्खी आतडी बाहेर काढून तेलाच्या डब्यात बुडवतो, निथळवतो, परत घालतो. भजी तळतात तसं दिसतं ते.

शिवाय शिमानोने ई-सायकलींसाठी मुद्दाम पाच गियरचा हब काढला आहे. आठचे पाच केले. मला वाटतं त्यातच उत्तर आहे. थोडे गियर, जाड दाते.

आमच्या शेजाऱ्यांच्या पेटीवाल्या सायकलीला (पुढे पेटीत तीन पोरं बसतात!) एनव्हिओलोचा हब आहे. त्यात दातेच नाहीत. गोळे तिरके होतात आणि वेग बदलतो, गियर असा नाहीच, हँडलची मूठ फिरवत राहायचं. जड आहे आणि थोडी शक्ती खातो, पण तुटायला दाते नाहीत.

साधीचेन
आइंडहोवन सपाट आहे हो ताई. तिथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल.

आइंडहोवनकर
आणि समोरचा वारा? नोव्हेंबरात या एकदा.

कासेलचा_काका
जर्मनीत, आमच्या घरापासून थोड्या अंतरावर फुल्डाटाल नावाचं गाव आहे, तिथे रोलॉफ हब बनतो. १९९८ पासून. चौदा गियर, सगळ्यात वरचा गियर सगळ्यात खालच्याच्या ५२६ टक्के. जगप्रवासाला निघालेल्या बऱ्याच सायकलींवर हाच. हे लिहायचं कारण वेगळं आहे. त्यांनी आत येणाऱ्या जोराची मर्यादा १३० न्यूटन-मीटर अशी लिहूनच दिली आहे, आणि त्यावरून पुढच्या-मागच्या दात्यांचं प्रमाण किती खाली नेता येईल तेही ठरवून दिलंय. म्हणजे मास्तर जे हिशेबाने सांगताहेत ते कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे.

आणखी एक. त्या हबमध्ये प्लास्टिकच्या पिना मुद्दाम ठेवल्यात. अति जोर आला तर आधी त्या तुटतात, गियर वाचतात. घरातला फ्यूज जसा.

तेल ५,००० किमीला किंवा वर्षाला बदलायचं, २५ मिलिलिटर. चहाचा अर्धा कपही नाही. किंमत मात्र हजार युरोंच्या बरीच वर, तेव्हा बायकोला सांगताना आधी चहा करून द्यावा.

तेलपाणी
आता माझी पाळी. माझं सायकलचं दुकान होतं, बावीस वर्षं. आता मुलगा बघतो.

भूगावकर, मास्तरांचं गणित बरोबर, पण पहिला गुन्हेगार ग्रीस आहे. कुत्रा उभा राहतो तो केसाएवढ्या तारेच्या स्प्रिंगवर. तुमच्या हबमध्ये घट्ट ग्रीस कोंबलं. ते थंडीत मेणासारखं झालं. दोनपैकी एक कुत्रा त्यात रुतला, उठेना. मग सगळा भार दुसऱ्यावर. मास्तरांचे ११४ एकट्याच्या टोकावर! ते टोक किती असतं, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं. कट् आवाज यायचा तो त्याचं टोक दात्यावरून निसटण्याचा. हा माझा अंदाज. हब उघडा, एक कुत्रा कोरा असेल आणि एक घासलेला. तसं निघालं नाही तर माझं नाव बदला.

ग्रीस छर्ऱ्यांना. कुत्र्यांना तेल. माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. दुकानाच्या पाटीवर आम्ही 'ओव्हरऑइलिंग' लिहायचो आणि शिकलेली गिऱ्हाइकं हसायची की शब्द ओव्हरहॉलिंग आहे. हसू देत. हब गियरच्या बाबतीत आमचाच शब्द बरोबर होता.

दुसरं, सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरच्या पाण्याने हब धुवायला देऊ नका. आत चिखल जात नाही हे खरं, पण त्या धारेने पाणी जातं, आणि एकदा गेलं की बाहेर येत नाही. तेलाचं दूध होतं आणि मग गंज.

तिसरं, वॉशर. एक्सलच्या दोन्ही बाजूंना खाचेचे खास वॉशर असतात, एक्सल फिरू नये म्हणून. किट बसवणारे ते फेकून देतात आणि साधे घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

टॉर्कमास्तर
वॉशरचं अगदी बरोबर. सूर्यचक्र एक्सलला जोडलेलं, म्हणून पहिल्या गियरला आत आलेल्या जोराचा एक तृतीयांश भाग एक्सलला फिरवायला बघतो. ८५ चा तिसरा हिस्सा २८ न्यूटन-मीटर. साधा वॉशर नुसत्या नटच्या आवळण्यावर तो किती दिवस धरणार? आणि एक्सल जरा फिरला की गियर वायरचा ताण बिघडतो, मग आतला क्लच अर्धवट लागतो आणि त्याचे कोपरे गोल होतात. जुन्या एडब्ल्यूमध्ये तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक रिकामी जागा होती, तिथे पायडल एकदम मोकळं सुटायचं. अण्णांना माहीत असेल.

अण्णा_साताराकर
माहीत आहे. १९७४, पोवई नाका, दोन दात.

भूगावकर
हब उघडला. तेलपाणीकाका, नाव बदलायची गरज नाही. एक कुत्रा कोरा करकरीत, ग्रीसमध्ये झोपलेला. दुसऱ्याचं टोक गोल, आणि एक कोपरा उडालेला. उडालेला तुकडा ग्रहचक्रात गेला होता, सुदैवाने दाते वाचले. एक्सलला साधे वॉशर. मूळचे किटच्या खोक्यात सापडले, प्लास्टिकच्या पिशवीत, 'उरलेलं सामान' असं लिहून.

माझाही हिशेब मांडतो. दाते मी बदलायला सांगितले होते. घट्ट ग्रीस भरा असंही मीच म्हणालो होतो, पावसाळा डोक्यात होता. त्यामुळे नाव न लिहिलं ते बरंच झालं. आता पुढे काय करू?

साधीचेन
मी अजूनही म्हणतो डिरेलर. चेन दोन-तीन हजार किलोमीटरला बदला, मागचे दाते कधीतरी, सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. या हबचा एक कुत्रा पुण्यात शोधून दाखवा.

आइंडहोवनकर
हे मात्र खरं. इथे माझा हब टिकतो यात इथल्या दुकानदाराचा वाटा निम्मा आहे.

तेलपाणी
पुण्यात मिळत नाही, मागवावा लागतो. तीन गियरवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. स्टर्मी-आर्चर २००० साली तैवानच्या सनरेसकडे गेली, पण सुटे भाग अजून बनतात. आठ-अकरा गियरवाल्यात एक कुत्रा वगैरे मिळत नाही, आतला आख्खा संच बदलतात. मोटर लावणार असाल तर म्हणून मी तीन किंवा पाचच घ्या म्हणतो.

टॉर्कमास्तर
दाते परत बदला. पुढे ४४, मागे १८ करा, प्रमाण २.४४. कंट्रोलरमध्ये करंट २५ वरून १५ अँपियरवर आणा, बहुतेक किटमध्ये संगणकाला जोडून करता येतं. मोटरचा जोर त्याच प्रमाणात १२० वरून ७२ वर येईल. तुमचे २० धरून ९२, भागिले २.४४, हबला ३८ न्यूटन-मीटर. उभ्या राहिलेल्या माणसाच्या ४९ च्या आत आलात. तरीही पहिल्या गियरला बारा टक्क्यांचा चढ चढाल. आणि पायडलचा वेग तोच ठेवलात तर आधी १२ किमीने चढत होतात, आता १८ ने चढाल, कारण गियर उंच झाला.

सपाटीवर दुसऱ्या गियरमध्येच राहा, तो सरळ जोडलेला. थ्रॉटल सिग्नलला मुळीच नको. आधी दोन पायडल मारा, चाक हललं की मग मोटर. गियर बदलताना मोटर तोडणारा एक छोटा सेन्सर वायरवर बसवता येतो. तो नसेल तर ब्रेकचा लिव्हर ब्रेक न लागेल इतपतच दाबा. किटच्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच असतो, तेवढ्या क्षणात गियर बदला. चार दिवसांत हाताला सवय होते.

कायद्याचं साधीचेन यांनी लिहिलंच आहे. १५ अँपियरने हब वाचेल, सायकल कायद्यात बसणार नाही. त्याचा विचार तुम्ही करा.

नुसतीवाचक
माझ्या भाच्याच्या सायकलीला पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो, तोही हबमध्येच आहे. त्याला मोटर बसवायची चाललीय. चालेल का?

टॉर्कमास्तर
मधली मोटर असेल तर थांबवा त्याला! अशा बहुतेक किटमध्ये पायडल उलटं फिरवलं तरी चेन हलतच नाही. म्हणजे मागचा ब्रेक गेला. पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लागणारे ब्रेक लावल्याशिवाय एक मीटरही चालवू देऊ नका. किंवा अण्णांसारखी पुढच्या चाकात बसवा.

नुसतीवाचक
बापरे. लगेच फोन करते.

(अडीच महिन्यांनी)

भूगावकर
धागा वर आणतोय.

कुत्रे आणि स्प्रिंगा मागवून घेतल्या, यायला पाच आठवडे लागले. तेवढ्यात किट बदलून २५० वॅटचं घेतलं. जुनं घेणाऱ्याला सगळं खरं सांगून विकलं, त्यामुळे अर्ध्या किमतीत गेलं. दाते ४४/१८. छर्ऱ्यांना पातळ थर ग्रीस, बाकी सगळ्याला ३० नंबर ऑइल, अण्णांच्या पद्धतीने. खाचेचे वॉशर दोन्ही बाजूंना. आजवर ६२० किमी, एकही कट् नाही. चांदणी चौक आता मोटरच्या जिवावर होत नाही, मलाही मारावं लागतं. घामाघूम होऊन घरी येतो. बायको म्हणते मग मोटर कशाला घेतली.

६२० म्हणजे काहीच नाही हे कळतं. १,१४० पार झाले की परत लिहीन.

आणखी एक विचारायचं होतं. हब जोडल्यावर टेबलावर एक स्प्रिंग उरली आहे, केसाएवढी. नवीन पाकिटात चार होत्या. जुन्या चार मी टाकून दिल्या असं मला वाटतं. हबमध्ये चार कुत्रे आहेत ना? मग ही नव्यातली उरली की जुन्यातली?

तेलपाणी
चमकते का?

भूगावकर
हो.

तेलपाणी
उघडा परत.